विंडोज १० ची मुदत संपली : दुकानाचा हिशेब नव्या घरी कसा न्यावा?



आपल्या गादीशेजारी जो संगणक आहे त्याच्या पोटात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत मी हा प्रश्न ओळखीच्या काही दुकानदारांना विचारला. बहुतेकांचे उत्तर एकच होते, "पोराला ठाऊक असेल." पोराला विचारले तर तो म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

हा लेख या "चालतंय ना" साठीच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही सिस्टीम २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची सर्वसाधारण मुदत संपली. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत अजून हीच सिस्टीम आहे. तेव्हा मुदत संपणे म्हणजे काय, त्यात धोका कोणता, आणि हिशेबाला धक्का न लावता पुढे कसे जावे, हे क्रमाने पाहू.

मुदत संपणे म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम हा संगणकाचा मुनीम समजा. टॅली असो, बिल छापणे असो, इंटरनेट असो, प्रत्येक कामाला या मुनीमाच्या हातूनच जावे लागते. फाईल तो काढून देतो, प्रिंटरला हुकूम तो देतो, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे की नाही हेही तोच ठरवतो.

अशा सिस्टीममध्ये लाखो ओळींचे लिखाण असते आणि त्यात चुका राहतात. काही चुका अशा की त्यांतून चोराला आत शिरता येते. कंपनी दर महिन्याला अशा चुका शोधून दुरुस्ती पाठवते. याला आपण अपडेट म्हणतो. मुदत संपली की ही दुरुस्ती बंद होते. संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, बिलही निघते. फक्त कुलूप दुरुस्त करणारा माणूस यायचा बंद होतो.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. विंडोज ११ चे बरेचसे लिखाण विंडोज १० सारखेच आहे. कंपनी ११ मधले एखादे छिद्र बुजवते तेव्हा ती दुरुस्ती पाहून चोरालाही कळते की छिद्र कुठे होते. मग तो तेच छिद्र १० मध्ये शोधतो, आणि तिथे ते उघडेच असते. म्हणून मुदत संपल्यावर जसजसे महिने जातात तसतसा धोका वाढत जातो.

दुसरी अडचण चोरीची नाही, गैरसोयीची आहे. इतर कंपन्याही जुन्या सिस्टीमकडे हळूहळू पाठ फिरवतात. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुगलने क्रोम ब्राउझरची नवी आवृत्ती विंडोज ७ साठी देणे बंद केले. आपले जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल आणि बँक ही सगळी कामे ब्राउझरमधूनच होतात. ब्राउझर जुना झाला की एक ना एक दिवस तो दरवाजा अडतोच.

मागचा अनुभव काय सांगतो?

विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. तेव्हाही सगळे "चालतंय ना" म्हणत होते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो संगणकातल्या फाईलींना कुलूप लावी आणि चावीसाठी खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांत त्याने नुकसान केले. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांची कामे अडली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिली होती. एक्सपीची मुदत संपली असल्याने तिला ती मिळाली नव्हती. पण ज्यांचे नुकसान झाले त्यांतले बहुतांश संगणक विंडोज ७ चे होते. त्यांना दुरुस्ती मिळत होती, मालकांनी ती घेतली नव्हती. म्हणजे नवी सिस्टीम घेऊन अपडेट बंद करून ठेवणे आणि जुनीच चालवणे, यात फारसा फरक नाही.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, पेट्या नावाने ओळखला गेलेला दुसरा व्हायरस आला आणि त्याने आपल्या महाराष्ट्रातच घाव घातला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले आणि कंटेनरची चढउतार हाताने नोंदी करून चालवावी लागली. आपला माल बंदरावर जात असो वा नसो, यातून एक गोष्ट कळते. एवढ्या मोठ्या कंपनीलाही त्या दिवशी कागद-पेन्सिलच कामी आली.

रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी बँकांना लेखी आदेश दिला की मुदत संपलेली सिस्टीम एटीएममध्ये ठेवू नये. सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम बदलावेत, असे टप्पे ठरवून दिले. यात आपल्यासाठी धडा आहे. बँकेनेही एका रात्रीत बदल केला नाही, टप्प्याटप्प्याने केला.

माझी स्वतःची चूक

मी शिकलो उर्दू शाळेत आणि हिशेब शिकलो वडिलांच्या चोपडीवर. संगणक दुकानात आणला तो मुलांच्या आग्रहाने. २०१४ मध्ये एक्सपी बदलायची म्हणून एका माहितगार मुलाला बोलावले. त्याने विचारले, "बॅकअप आहे ना?" मी म्हणालो, "आहे, डी ड्राईव्हवर रोज घेतो." सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हते. त्याने सगळी डिस्क साफ केली. दोन वर्षांची उधारी एका तासात पुसली गेली.

त्या मुलाला मी दोष देत नाही. विचारल्याशिवाय "आहे" म्हणणारा मीच. नशीब एवढेच की आमच्या वृद्ध मुनीमजींनी उधारीची वही हाताने लिहिणे सोडले नव्हते. त्या वहीवरून तीन महिने बसून खाती पुन्हा उभी केली. तरीही काही रकमा मिळाल्या नाहीत. ज्यांनी स्वतः येऊन "माझ्याकडे इतके बाकी आहेत" म्हणून सांगितले, ती नावे मला आजही पाठ आहेत. ज्यांनी सांगितले नाही त्यांच्याकडे मागायला माझ्या हातात कागदच नव्हता.

उधारी ही अशी चीज आहे. ती फक्त आपली नसते. गिऱ्हाइकाने दिलेला पैसा आपल्या वहीत जमा दिसला नाही तर आपण त्याच्यावर खोटा दावा करू. म्हणून हिशेबाचे रक्षण ही दोन्ही बाजूंची अमानत आहे. त्यातच जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपून ठेवावी लागतात. आजची फाईल सहा वर्षांनीही उघडली पाहिजे.

पहिले काम : यादी करा

नवे काही घेण्याआधी कोऱ्या कागदावर खालील गोष्टी लिहा.

१) सिस्टीम कोणती? कीबोर्डवरची विंडोजची खूण आणि आर ही बटणे एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत रोमन अक्षरांत विनव्हर असे लिहून एन्टर करा. नाव आणि आवृत्ती दिसेल.

२) हिशेबाचा प्रोग्राम कोणता, त्याची आवृत्ती कोणती, परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे? टॅलीचा परवाना एखाद्या सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या ईमेलवर असेल तर तो आधी आपल्या नावाशी जोडून घ्या.

३) जुना डॉसचा किंवा फॉक्सप्रोचा प्रोग्राम आहे का? आपल्याकडे कापड, किराणा आणि सराफीच्या दुकानांत स्थानिक प्रोग्रामरने लिहून दिलेले असे प्रोग्राम वर्षानुवर्षे चालले. ते ३२ बिटच्या विंडोजवर चालतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, तिच्यावर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. ज्यांच्याकडे असा प्रोग्राम आहे त्यांनी जुना संगणक चालू असतानाच त्यातली खाती छापून घ्यावीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्यावीत.

४) कोणती यंत्रे जोडली आहेत? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बारकोडचे लेबल छापणारे यंत्र, भरतकामाच्या मशीनचा डिझाईन प्रोग्राम, फ्लेक्स कापणारे प्लॉटर, डिजिटल सहीचे टोकन, एखाद्या प्रोग्रामची यूएसबीला लावायची चावी. प्रत्येकाच्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "विंडोज ११ साठी याचा ड्रायव्हर आहे का?" उत्तर लिहून घ्या.

५) अक्षरे कोणती? श्रीलिपी, कृतिदेव किंवा इनपेजच्या जुन्या आवृत्तीत केलेली कामे युनिकोडमध्ये नसतात. त्यांचा फाँट किंवा प्रोग्राम नव्या संगणकावर नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. लग्नपत्रिका आणि उर्दू-मराठी छपाई करणाऱ्या बांधवांनी जुन्या फाँटच्या फाईली आणि मूळ प्रोग्रामचा परवाना आधी शोधून ठेवावा, आणि पुढचे काम युनिकोडमध्ये करण्याची सवय लावावी.

चार वाटा

पहिली वाट : आहे त्याच संगणकावर विंडोज ११. मूळ परवान्याची विंडोज १० असेल आणि संगणक पात्र असेल तर याला वेगळे पैसे लागत नाहीत. पात्रता अशी : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप, सिक्युअर बूटची सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७ नंतरच्या घडणीचा. काही संगणकांत ही चिप असते पण बंद ठेवलेली असते, ती चालू करून घेता येते. अट चुकवून ११ बसवून देणारेही भेटतात. अशा संगणकाला अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही. ज्या कारणासाठी बदलायचे तेच कारण मग उरत नाही.

दुसरी वाट : थोडी मुदत विकत घेणे. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या योजनेनुसार घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची दुरुस्ती देण्याचे ठरले. धंद्याच्या व संस्थांच्या संगणकांसाठी वेगळी योजना आहे. ती जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते, पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. म्हणजे तीन वर्षांचे ६१, १२२ आणि २४४, एकूण ४२७ डॉलर. इतक्या पैशांत जुने यंत्र जपायचे की नवे घ्यायचे, हा हिशेब आपल्याला शिकवावा लागत नाही. भरतकामाच्या महागड्या मशीनला जुनीच सिस्टीम लागत असेल तर मात्र ही मुदत कामाची आहे.

तिसरी वाट : नवा संगणक. घेताना मूळ विंडोज आहे की नाही हे बिलावर लिहून घ्या. "बिल नको, विंडोज फुकट टाकून देतो" असे म्हणणारा आपल्याला चोरीचा माल देत असतो. चोरीच्या कापडाचा तागा आपण दुकानात ठेवत नाही, मग हे का ठेवावे? शिवाय अशा प्रतीत कोणी काय मिसळले आहे ते कळत नाही.

चौथी वाट : लिनक्स. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. उबुंटू, मिंट अशी तिची अनेक रूपे आहेत आणि ती फुकट आणि कायदेशीर आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाचे रूप तयार केले. ज्या संगणकाला ११ चालत नाही तो लिनक्सवर पुष्कळदा आणखी काही वर्षे नीट काम देतो. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात. तेव्हा हे फक्त इंजिनिअरचे काम आहे, ही समजूत बरोबर नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. जर्मनीच्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजवर परतण्याचा निर्णय घेतला. बदल करताना सोबतचे प्रोग्राम आणि माणसांची सवय यांचा विचार करावाच लागतो. आपल्या बाबतीत अडचण ही आहे की टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि जीएसटीची ऑफलाईन साधने विंडोज आणि एक्सेल धरून केलेली आहेत. ज्या संगणकावर टॅली आहे तो लिनक्सवर नेऊ नका. ज्यावर फक्त ब्राउझर, पत्रे, कोटेशन आणि मुलांचा अभ्यास चालतो तो खुशाल न्या. लिनक्स पेन ड्राईव्हवरून चालवून पाहता येते, डिस्कला हात लावावा लागत नाही. आठ दिवस तसे वापरून प्रिंटर चालतो का ते पाहा, मगच ठरवा.

बदल कसा करावा?

दिवस आधी निवडा. मार्चअखेर, रमजानचा शेवटचा पंधरवडा, दिवाळी आणि लग्नसराई टाळा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखांच्या जवळचे दिवसही टाळावेत. महिन्याच्या २२ ते २८ तारखेमधला मंद दिवस उत्तम.

त्या दिवसाच्या आधी बॅकअप तीन ठिकाणी घ्या : एक बाहेरच्या डिस्कवर, एक पेन ड्राईव्हवर जो दुकानात न राहता घरी राहील, आणि एक इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. नंतर सर्वांत महत्त्वाचे काम करा. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तीन गिऱ्हाइकांची बाकी, रोकड शिल्लक आणि मालाचा साठा कागदावर लिहा आणि उघडलेल्या बॅकअपशी ताळा करा. जुळले तरच बॅकअप आहे असे म्हणा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

उधारीची आणि देण्याची पूर्ण यादी त्या दिवशी छापून सही करून ठेवा. पाच-दहा पाने लागतील, पण मला ती पाने २०१४ मध्ये मिळाली असती तर तीन महिने वाचले असते.

शक्य असेल तर जुना संगणक लगेच पुसू नका. नव्यावर काम सुरू करा आणि महिनाभर जुना तसाच, इंटरनेट न जोडता, कोपऱ्यात ठेवा. पहिल्या महिन्याचे रिटर्न नव्यावरून भरले गेले की मगच जुन्याचा निकाल लावा. विकायचा असेल तर डिस्क काढून घ्या. तिच्यात आपल्याच नव्हे, गिऱ्हाइकांच्याही नोंदी आहेत.

एक इशारा नव्या संगणकाबद्दल. विंडोज ११ मध्ये कित्येकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. ते खाते दुरुस्तीवाल्या मुलाच्या ईमेलवर काढले असेल तर आपल्या तिजोरीची चावी त्याच्या खिशात राहते. खाते आपल्या नावाने, आपल्या मोबाईल नंबरवर काढा आणि तो आकडा कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून लेख बाजूला ठेवू नका. येत्या सुटीच्या दिवशी एक तास काढा. वर सांगितलेली पाच कलमांची यादी करा. एक बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून तीन खात्यांचा ताळा करा. हे काम पोरावर सोपवले तरी शेजारी स्वतः बसा. कारण संगणक पोराला समजतो, पण कोणाकडे किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, ते आपल्यालाच पाठ असते.

ज्यांच्या दुकानात अजून हाताची वही लिहिली जाते त्यांनी ती बंद करण्याची घाई करू नये. सिस्टीम पुन्हा बदलेल, आजच्या विंडोज ११ चीही मुदत एक दिवस संपेल. घर बदलताना सामान मोजून नेणारा माणूस लुटला जात नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.